मधल्या गोलातली रेघ

नाही नाही, पावती बरोबर आहे ताई, अक्षरही माझंच आहे — एवढं गिचमिड दुसरं कोण काढणार — आणि कॅमेराही आहे, त्या कपाटात, वरच्या फळीवर, कुठं जात नाही तो. देतो. बसा ना जरा. त्या स्टुलावर नको, त्याचा एक पाय लंगडा आहे, या खुर्चीत बसा, तुमचे वडील इथंच बसायचे. हो, ओळखलं मी, जिन्यातनं डोकं वर आलं तेव्हाच ओळखलं — नाक तेच. नकाशाच्या कचेरीत उभं आयुष्य गेलेलं त्यांचं, म्हणून मी आपलं साहेब म्हणायचो. दर शनिवारी यायचे, अकरा म्हणजे अकराला, खालच्या घड्याळवाल्यानं त्यांच्यावरनं घड्याळं लावावीत. चार महिने झाले, आलेच नाहीत. मी म्हटलं, कंटाळले असतील. कंटाळणारच ना, माणूस किती चकरा मारणार.

तुम्ही कधी तो हातात घेतलाय? घेतला नसेल, ते कुणाला हात लावू द्यायचे नाहीत, मला माहितीये. त्याच्या आधी असले कॅमेरे म्हणजे नुसत्या विटा, गळ्यात अडकवून लग्नाला गेलात तर दुसऱ्या दिवशी मान धरलेली. मग हे छोटे निघाले — आरसा तोच, शटर तेच, कापडी पडदे तेच, पण सगळं अंग चोरून बसलेलं, तळहातावर मावेल इतकं. आणि स्वतः काही म्हणजे काही करत नाही. फोकस तुम्ही करायचा, उजेड तुम्ही जोखायचा, चुकलं तर चूक तुमची. आत डोळा लावला की मधोमध एक गोल दिसतो, आणि गोलाच्या पोटातनं आडवी रेघ गेलेली. समोर माणूस असला की त्याचं कपाळ रेघेच्या वर एकीकडे आणि हनुवटी खाली भलतीकडे. मग रिंग फिरवायची, हळू, अगदी हळू — सरकतात, सरकतात, आणि जुळतात. ते जुळणं, ताई, त्याला मी चाळीस वर्षं वेडा आहे. आमची ही म्हणायची, माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलंत का. खोटं नव्हतं तिचं.

बिघाड काय होता? सांगतो ना. लिहिलंच आहे की पावतीवर, वाचा — ‘मधल्या गोलातली रेघ वाकडी दिसते.’ हे साहेबांचे शब्द, मी जसेच्या तसे उतरवले. आणि त्याच्याखाली, ‘आत रोल आहे.’ त्याखाली दोन रेघा दिसतात ना, त्या त्यांनी स्वतः मारल्या, माझं पेन काढून घेऊन. म्हणाले, सांभाळा, तिचे शेवटचे फोटो आहेत यात. तुमच्या आईंचे. मी म्हटलं, साहेब, चाळीस वर्षं हेच करतोय. असं म्हटलं मी. एवढ्या तोऱ्यात म्हटलं.

आता तुम्हाला म्हणून सांगतो — सांगणार नव्हतो खरं तर. आमच्या धंद्यात एक रीत आहे. कॅमेरा दुरुस्तीला आला की मागचं झाकण उघडायच्या आधी डाव्या अंगाची ती छोटी चकती बोटानं हलकेच फिरवून बघायची. अडली, तर आत रोल आहे, हात काढायचा. शिकाऊ पोराला पहिल्या दिवशी हेच शिकवतात. इथं तर चकतीचीही गरज नव्हती, पावतीवर लिहिलेलं होतं, साहेब जिना उतरून रस्त्यालाही लागले नसतील. पण तो कॅमेरा, ताई — त्या बनावटीचा, त्या अवस्थेत, कित्येक वर्षांत माझ्या हाताला लागला नव्हता. एक ओरखडा नाही. मला त्याच्या शटरचे पडदे बघायचे होते, बस, कापड अजून तसंच काळंभोर आहे का एवढंच बघायचं होतं, लहान मुलासारखी हाताला घाई झाली, आणि मी चकती खट्‌कन वर ओढली. झाकण उघडलं. समोर रोल. भर अकरा वाजता, खिडकीतनं ऊन आत आलेलं.

लगेच मिटलं. दोन सेकंद, तीन म्हणा. तरी गेलं ते गेलं. कसं असतं, काढलेले फोटो एकावर एक गुंडाळले जातात, पहिले आत आणि शेवटचे सगळ्यात वर. उजेड आधी वरच्यांना खातो. म्हणजे शेवटचेच गेले. मी त्याच रात्री धुवून बघितला रोल. पाच वाचलेत. पाण्याची टाकी, फाटक, परत फाटक, एक खिडकी. आणि पाचवा अर्धा पांढरा, अर्ध्यात नुसता हात आहे — बांगडी आहे, कप धरलाय. तो त्यांचाच असणार. हे पाकीट. ठेवलंय जपून. घ्या.

का नाही दिले? काय सांगू. पाच दिले की बाकीच्यांचं विचारणार. पुढच्या शनिवारी ते जिना चढून आले, तेव्हा सगळं सांगायचं ठरवलं होतं, वाक्यसुद्धा जुळवून ठेवलेली, आणि त्यांनी त्या खुर्चीत बसून चष्मा पुसला आणि विचारलं, रोल ठीक आहे ना. मी म्हटलं, रोल काढूनच ठेवलाय, पण कॅमेऱ्याचा एक भाग मिळत नाहीये, एकदम सगळं देतो. मग तो भाग काही मिळेना. सात महिने मिळाला नाही. आज येतो, उद्या येतो, मागवलाय, चुकीचा आला, परत पाठवला — दर शनिवारी नवीन काहीतरी सांगून वेळ मारून नेली. आणि ते तरी कसले, रागवायचेसुद्धा नाहीत. चालेल म्हणायचे. मग बसायचे तासभर, तुमच्या आईंचं सांगायचे, मी काम करत ऐकायचो. खरं सांगू, मी वाट बघायला लागलो होतो त्यांची.

तर चुकलं ते असं. तुम्ही त्यांना सांगा, मी स्वतः येऊन पाया पडतो. बघू दे त्यांना तो हाताचा फोटो, निदान तेवढा —

काय म्हणालात?

पूर्ण? म्हणजे दोन्ही डोळे — कधीपासून?

थांबा, थांबा. मधलं दिसत नाही म्हणजे? कडेकडेचं दिसतं आणि मधे भोक. पडदा. डोळ्याच्या आतला पडदा. आणि डॉक्टर काय म्हणाले, परत सांगा. सरळ रेघा वाकड्या दिसायला लागल्या तेव्हाच आणलं असतं तर. इंजेक्शनं देऊन थांबवता आलं असतं. आणि साहेब काय म्हणाले त्यावर?

...‘वाकडं मला दिसत नव्हतं, कॅमेऱ्यात दिसायचं, आणि तो दुरुस्तीला दिलाय.’

असं म्हणाले.

पाणी पिऊ द्या मला जरा. — नाही, उठू नका, तुम्ही बसा. तुम्ही मघापासून बिघाड काय होता विचारताय आणि मी तुम्हाला रोलचं सांगत बसलोय. मला वाटत होतं, माझं पाप म्हणजे तो रोल. अकरा महिने तेच उशाशी घेऊन झोपलो. ताई, बिघाड नव्हता. काही नव्हता. त्याच दिवशी, झाकण मिटल्यावर, मी डोळा लावून बघितलं होतं — रेघ सरळ. पट्टीनं आखावी तशी. तिसऱ्या दिवशी परत बघितलं, खोलूनसुद्धा बघितलं, सरळ. एवढंच सांगायचं होतं मला, साहेब, कॅमेरा ठणठणीत आहे, एकदा डोळे दाखवून घ्या. कुणीही सांगेल. रोज सांगतो मी लोकांना, निम्म्या लोकांच्या कॅमेऱ्याला काही झालेलं नसतं, चष्म्याचा नंबर वाढलेला असतो. पण कॅमेरा ठणठणीत म्हटलं की तो परत द्यावा लागणार, आणि परत दिला की रोल. म्हणून बिघाड पाहिजे होता मला. मीच ठेवला तो जिवंत.

आणि विचारलं हो त्यांनी. हे तुम्हाला माहीत नसेल. तिसरा का चौथा शनिवार असेल. बसल्या बसल्या समोरच्या खिडकीच्या गजांकडे बघत होते, एक डोळा हातानं झाकून, मग दुसरा. आणि म्हणाले, माझ्या डोळ्यांत तर काही नाही ना हो. मी मान वर न करता म्हटलं — ऐका काय म्हटलं — म्हटलं, छे, सगळं आयुष्य सरळ रेघा मारल्यात साहेब तुम्ही, तुमचे डोळे काय फसतात, आतली काच हललीये कॅमेऱ्याची. हसले. खूश झाले हो ते. म्हणाले, तेच म्हणतो मी, मुलगी उगाच मागे लागते डॉक्टरकडे चला म्हणून.

तुम्ही मागे लागला होतात. हो ना.

शिव्या द्या. मी सांगतो त्यांना, माझ्या तोंडानं सांगतो, घरी येतो तुमच्या आत्ता, दुकान ओढून घेतो — खाली? इथंच खाली बसलेत? घड्याळवाल्याकडे? मग चला की, आत्ताच —

नको?

का नको? ...ऐकतोय मी. बोला. ...हं. ...‘सगळं गेलं त्यांचं, पण आपली नजर शेवटपर्यंत सरळ होती आणि वाकडा कॅमेराच होता, एवढं एक धरून बसलेत.’ ...हं. तेही काढून घ्यायचं नाही म्हणता. पण ताई, मग मी — नाही, माझं काय, माझं सोडा. बरोबर आहे. मला हलकं वाटावं म्हणून त्यांनी का ऐकायचं. बरोबर आहे तुमचं. आणि पाकीट? ते ठेवा तुम्ही पर्समध्ये. बांगडी कुठली आहे ते सांगा त्यांना, हाताचं वर्णन करा, बाकीचे जुनेपणामुळे गेले म्हणा. काहीही म्हणा.

काठी वाजतेय. चढतायत बघा ते एकटेच. तुम्ही बसा, मी —

या साहेब. या, या. डावीकडे, हां, तुमची खुर्ची, ताई उठल्यात. किती दिवसांनी. हो, अकराच वाजलेत. हो, झाला तयार. हा घ्या, धरा. तसाच आहे ना हाताला. बिघाड? ...सापडला, साहेब. काच हलली होती आतली, तुम्ही म्हणत होतात तसंच. बसवली नीट. तुमचं बरोबर होतं.

लावा ना डोळ्याला. लावा. फिरवा रिंग, मोकळी केलीये. ...काय म्हणालात?

हो साहेब. आता सरळ आहे.

ताई, खालून तिसरी पायरी खचलीये, उतरताना त्यांचा हात धरा. निघा आता.