कडीला लटकलेला डबा

अरे, डबे पोचवणं तुम्हाला सोपं वाटतं? शहाद्यात एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या दाराच्या कडीला मी रोज डबा अडकवून जातो. जेवण झालं की ते रिकामा डबा धुऊन कडीला लटकवतात.

परवा गेलो, तर मुलगा सुरतेला असलेल्या रुखमाआजीच्या कडीला आदल्या दिवशीचा डबा भरलेलाच. दार आतून बंद. मी दार बडवलं. "आजी! ओ आजी!"

गल्ली गोळा झाली. कुणीतरी पहार आणली. ती दारात घालणार, तोच आतून आवाज आला, "काल एकादस व्हती. मी डबाले हात लावा नई."

"मंग दार काबर नई उघाडं?" मी विचारलं.

"इतला लोके दारवर उनात..." एवढी माणसं दारात आली म्हणजे वाईट बातमीच, असं तिला वाटलं होतं. "पहिले सांग, सुरतना मन्हा पोऱ्या बरा शे ना?"