सोळा दिवसांचा चहा

तुम्हाला पटणार नाही, पण माझ्या घरापुढचा ओटा मी नुसता चहा पिऊन वाचवला. नालीच्या कामात तो तुटणार, अशी नोटीस आली होती. आमच्या वार्डाच्या नगरसेविका लताबाई, पण काम असलं की सगळे जातात त्यांच्या नवऱ्याकडे, दादारावकडे. मीही पंधरा दिवस गेलो. तो रोज म्हणायचा, "टेन्शन नोको घेऊ बे, मी पाहतो." लताबाई शिलाई मशीनवरून उठून चहा द्यायच्या.

सोळाव्या दिवशी मी रडकुंडीला आलो. "दादाराव, उद्या तोडाले येऊन राह्यले."

लताबाईंनी मशीन थांबवली. "तुमचा ओटा काऊन तोडतीन, भाऊ? मीच शिलाईच्या टेपनं मोजला. नालीपासून हातभर मागं हाय. मागच्याच सभेत तोडाच्या यादीतून काढला."

दादाराव चिडला. "मंग मले काऊन नाही सांगितलं?"

"मले कोनं इचारलं?"

लताबाईंच्या चहात साखर असते, हे मला त्या दिवशी पहिल्यांदाच कळलं.

काल खांबावरच्या लाइटसाठी गेलो, तर दादाराव दारातच खुर्ची टाकून बसलेला. "काय काम हाय बे?"

"नगरसेविकेकडं हाय."

दादारावनं खुर्ची बाजूला घेतली.