फेस वाळण्याआधी

आदरणीय अध्यक्ष महोदय, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, संस्थेतले माझे सहकारी आणि घामाघूम होऊनही जागा न सोडणारे श्रोतेहो,

जिचा निरोप समारंभ, तिचीच खुर्ची रिकामी आहे. ताई रुसलेली नाही. ती खाली थंड खोलीत आहे. दुपारी वीज गेली, आणि जनरेटरवर एक तर हे सभागृह चालेल, नाही तर ती खोली. अध्यक्षांनी एकही प्रश्न न विचारता इथले पंखे बंद करायला लावले. त्यांचे आभार आत्ताच मानतो, शेवटी मला भान राहील याचा भरवसा नाही.

एवढं काय आहे त्या खोलीत? पानाला चिकटलेला मूठभर फेस. डोंगरमाथ्यावरच्या धुक्यात राहणारा आपला झाडबेडूक पाण्यात अंडी घालत नाही. डबक्यावर झुकलेल्या पानावर मादी मागच्या पायांनी फेस घुसळते आणि अंडी त्यात ठेवते. पिल्लं तयार झाली की फेस विरतो आणि ती टपाटप पाण्यात पडतात. पण उकाड्याने फेस आधीच वाळला, तर आतल्या आत सगळं संपतं. हा फेस घालणारी बेडकांची जोडी ताईने जिथून आणली, ते डबकं दरडीखाली गेलं. दुसरं शोधायला तिने अख्खा डोंगर पालथा घातला. सापडलं नाही.

तिचा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. माझं लग्न ठरल्याचं सांगितलं, तर म्हणाली, तारीख विणीच्या हंगामात नाही ना? हसा, हसा. मलाही जरा धीर येईल.

मघाशी तिला बोलवायला गेलो, तेव्हा ती पानावर पाण्याचे तुषार मारत होती. वर न बघताच म्हणाली, "तू बोलत राहा. सभा संपली की जेवणघरातल्या विजेच्या शेगड्या लागतील आणि जनरेटर बसेल."

म्हणून मी बोलतोय. अध्यक्ष महोदय, तुम्ही घड्याळाकडे पाहिलंत, ते मला दिसलं. आणखी थोडं सांभाळून घ्या. खरं सांगतो, मला भीती वाटते आहे. तिच्या आयुष्यभराच्या कामातलं एवढंच उरलंय, आणि आज तिचा शेवटचा दिवस...

थांबा. ती दारात आलीय. बाह्या ओल्या आहेत. ताई, काय झालं गं?

"पडली. सगळी पाण्यात पडली. आता आवर तुझं भाषण."

मंडळी, पंखे लावा. शेगड्याही लावा, खाली पिल्लांच्या टाकीतलं पाणी काही लगेच तापत नाही. आपण सगळे थांबलात, मी ऋणी आहे. तिच्याविषयी जे बोलायला उभा राहिलो होतो, ते मात्र राहूनच गेलं. तेवढी चूक पोटात घाला.