साडूच्या ट्रेलरचा सांगाडा

...आणि वर मलाच म्हणतो, "साडूभाऊ, दोनच टाके मारून द्या!" दोन टाके? अहो, शर्टाचं बटण आहे का ते? तुम्हाला सांगतो, बावीस वर्षं वेल्डिंग करतोय मी, बावीस! फाटकं केली, जिने केले, पाण्याच्या टाक्यांखालचे मनोरे केले... सासरेबुवांनी कधी मान वर करून पाहिलं नाही. आणि हा आमचा साडू, बायकोच्या थोरल्या बहिणीचा नवरा, कचेरीत बसून कागदांना टाचण्या टोचणारा, यानं जुन्या लोखंडी पलंगाचे अँगल जोडून गाडीमागं ओढायचा ट्रेलर काय केला, तर सासरेबुवा घरभर सांगत सुटले, "आमच्या थोरल्या जावयाच्या हातात जादू आहे हो!" मी जळत नाही हां! जळणं माझ्या स्वभावातच नाही. पण... जादू?

बरं, सासरेबुवा घर बदलत होते, म्हणून पहिल्याच खेपेला त्या जादूवर त्यांचं कपाट चढवलं, आणि ट्रेलर मधोमध बसला की हो! पोट टेकलं रस्त्याला! खरं सांगतो, त्या दिवशी मी दोन घास जास्त जेवलो. तर दुसऱ्या दिवशी हे ध्यान ट्रेलर घेऊन माझ्या दुकानात हजर! घरी बायको काय म्हणाली असेल? "द्या ना करून! भाऊजींनी निदान स्वतःच्या हातानं काहीतरी बनवलंय." निदान! मग मी बावीस वर्षं काय माशा मारतोय? नाही, मी जळत नाही, पण हे 'निदान' घशाखाली उतरेल का कुणाच्या?

ठरवलं, मारायचे दोनच टाके. वरवरचे. मोडू दे पुन्हा! पण हात ऐकेल तर शपथ! बघतो तर चाकांचा आक्स तिरका, अँगल गंजलेले, आणि जोड कसले, नुसत्या लोखंडाच्या गुठळ्या! म्हटलं, यावर सामान जाणार, मागून कुणीतरी पोराबाळांना घेऊन गाडी चालवत येणार... शिव्या घालत घालत कापले सगळे जोड. दोन्ही बाजूंना खालून जाड लोखंडी चॅनल घातले, चार आडवे बार टाकले, कोपऱ्याकोपऱ्यात तिकोनी पट्ट्या मारल्या, ओढायचा दांडा हातभर लांबवला, आक्स सरळ करून स्प्रिंगचे नवे पाटे बसवले... तीन दिवस! मूळच्या पलंगाचं राहिलं काय? कडेची नक्षी! मी जळत असतो तर एवढं केलं असतं का? तुम्हीच सांगा!

रविवारी सगळे सासरी जमलो. कपाट, पलंग, शिलाई मशीन, सासूबाईंचा पाटा-वरवंटा धरून अख्खं घर चढवलं. ट्रेलर हूं नाही की चूं नाही! सासरेबुवा पुढं आले... मी पाठ ताठ केली! म्हटलं, आता पडला पाठीवर हात. पडला. साडूच्या. "वा जावईबापू, काय मजबूत काम केलंत!"

मी साडूकडे बघतोय... बोल की लेका, एक शब्द तरी बोल! माणूस तसा वाईट नाही हो. बोलला. मला हाताला धरून पुढं ओढलं आणि म्हणाला, "मामा, यांनीही मदत केली बरं का!"

सासरेबुवांनी चष्मा लावला. वाकले. साडूनं आदल्या दिवशी हौसेनं रंग फासला होता, त्याचे ओघळ कडेला जागोजाग सुकले होते. त्यातल्या एकावर नख घासून म्हणाले, "हां... म्हणजे रंग यांचा."

बायको माझ्याकडे बघतेय, साडू आकाशाकडे. शेवटी मीच म्हटलं, "चुकलं, मामा. पुढच्या वेळी रंग नीट देईन."