श्रुतिकेचा शेवट

सांगलीच्या दवाखान्यात तापानं फणफणलेल्या लेकाला मांडीवर घेऊन कुमुद नंबराची वाट बघत होती. शेजारच्या बाकावर कडेगावच्या सासू-सुना बसल्या होत्या, बनुबाई आणि अंजना.

"लालासाहेबांच्या रेडिओवरचं कालचं नाटक लय खोटं, बग."

"काय खोटं, आत्याबाई?"

"ती आई भाकरी थापत हुती का टाळ्या वाजवत हुती? परातीत पीठच न्हवतं."

"आवं, त्या पेटीत कुठलं पीठ!"

"आन् ल्योक लढाईवर निघाला, तर येवढा गळा काढायचा? आपला सयाजी निघाला तवा मी रडले का?"

"न्हाई. दशम्या बांधून दिल्यासा."

"मग! म्हणून तर उठून आले."

"तेवढ्यासाठी न्हाई उठलासा तुमी."

"...दिवाळीपास्नं त्येचं काय कळंना. दुसऱ्याच्या पोराचं तरी कसं ऐकू? तू बसलीस शेवटापत्तुर. काय झालं त्या पोराचं?"

तेच नाटक कुमुदनंही घरी शेवटापर्यंत ऐकलं होतं. लेकाच्या कपाळावरचा तिचा हात थांबला.

"आला की परत," अंजना म्हणाली.

"हातपाय धड?"

"धड. आईनं येशीवर भाकरतुकडा ओवाळून टाकला."

"ब्येस केलं. शनवारी तेच पुन्ना लावणार हायेत म्हनं. मी बी बसंन तुज्यासंगट."

"नको!"

आतून बनुबाईंचं नाव पुकारलं गेलं. त्या उठल्या नाहीत. त्यांनी सुनेच्या डोईवरचा घसरलेला पदर सारखा केला.

"बरं, न्हाई ऐकत. तू आला म्हणतीस, तर आला."