युरियाची ओंजळ

तुम्हाला खरं वाटणार नाही, पण लग्न होईपर्यंत मी भाताचं रोप पाहिलंच नव्हतं. आमच्या पाथर्डीकडं सगळी बाजरी, आणि सासर मिळालं अकोले तालुक्यातल्या डोंगरात. एकाहत्तर साल असेल. घरात पहिल्यांदाच युरिया आला होता. सासऱ्यांनी मला बजावलं, "पोरी, पातळ फेकायचा." पण खाचराच्या एका कोपऱ्यातली रोपं पिवळी दिसली. मला त्यांची दया आली, म्हणून तिथं ओंजळी ओंजळीनं टाकला. चार दिवसांत तो कोपरा करपून गेला.

सासूबाई बांधावरून ओरडल्या, "कुनी केलं ह्ये?"

सासरे शांतपणे म्हणाले, "मीच टाकला. अंदाज चुकला."

मग खाचरातलं पाणी बदलून त्यांनी माझ्यासोबत उरलेली रोपं तिथं लावली.

दिवाळीनंतर नवा भात शिजला, तेव्हा मला राहवेना. सासूबाईंना म्हटलं, "आत्याबाई, त्या दिवशी खत मी टाकलं होतं."

माझ्या ताटात भात वाढत त्या म्हणाल्या, "ठावं हाय मला. त्या दिवशी ह्ये दिसभर माझ्यासंगं राजूरच्या बाजारात हुते."