गरम कुंडातला व्यायाम

— तेच तर सांगतोय तुम्हाला, त्या ब्रिन्यारचं फार मनावर घेऊ नका. कमरेवरची निळी पट्टी बघितली तेव्हाच ओळखलं मी, हे त्याचंच गिऱ्हाईक. गावात दुसरा फिजिओ आहेच कुठे? सव्वीस वर्षांचं पोरगं, मिसरूड नीट फुटलेलं नाही, आणि मला सांगतो — थोरग्रीमूरकाका, पाठ बरी करायची तर आधी वजन उतरवा. अरे, मणका चिरलाय मागे, पोट आहे पुढे, दोघांची कधी गाठ तरी पडते का? मार्चमध्ये ट्रॅक्टरच्या पायरीवरून घसरलो मी — घोड्यावरून नव्हे, घोड्याने मला आजवर पाडलेलं नाही — पायरीवर बर्फ होतं, बस्स. सहा आठवडे पलंगावर. आता माणूस पडून आहे म्हटल्यावर शेजारीपाजारी काय हात हलवत येतात? कुणी गोड पिळाच्या पुऱ्या, क्लैनूर, तळून आणलेत, कुणी धुरावलेलं मटण घातलेल्या भाकऱ्या, आणि खाल्लं नाही तर रुसतात. तोंडदेखलं खावंच लागतं. असं तोंडदेखलं खाता खाता एकवीस किलो चढले. तरी मी म्हणतो, त्यातली निम्मी सूज असणार.

वर म्हणतो कसा, झोपून राहू नका, पाठ आखडते. सपाट रस्त्यावर वीस मिनिटं चाला, आणि रोज पोहायला जा, छातीएवढ्या पाण्यात फेऱ्या मारा, पाणी तुमचं वजन उचलून धरतं. तिकडे बघा, त्या उथळ तलावात. सात बायका दिसतायत ना, काखेत स्पंजच्या कांड्या धरून? त्यांच्या मागून मी चालायचं. एकोणीस वर्षं मी या खोऱ्याचा डोंगरराजा होतो — सप्टेंबरात मेंढरं खाली आणायला तीस स्वार निघतात, कोण कुठल्या कड्याने जाणार ते मी बोट दाखवून ठरवायचो — आणि आता एका रिटायर झालेल्या मास्तरीणबाईंच्या मागून पाय उचलायचे, एक दोन, एक दोन? हॅट्.

येतो की मी रोज पोहायला. जूनपासून एक दिवस चुकवला नाही. काय म्हणालात? हो, इथेच बसतो, मग? या देशात पोहायला जातो म्हणणारी निम्मी माणसं इथेच गळ्याएवढ्या गरम पाण्यात बसून दुसऱ्यांच्या उखाळ्यापाखाळ्या काढतात, त्यांना कुणी खोटारडं म्हणतं का? हुल्दा विचारते — हुल्दा म्हणजे माझी मुलगी, तीच आणून सोडते मला, बाहेर गाडीत विणत बसते बिचारी — विचारते, बाबा, आज किती फेऱ्या? सुरुवातीला दहा म्हणालो. मग रोज दहाच कसं सांगणार, म्हणून वीस. काल चाळीसवर गेलो. असं बघू नका माझ्याकडे.

यंदा डोंगरराजा तीच आहे. मला मेंढरं आणायला सोबत न्यायला आधी साफ नाही म्हणाली होती. मोसीची पाठ पण पाठच आहे ना, बाबा, म्हणे. मोसी माझा घोडा, शिंगरू होता तेव्हापासून माझ्या हाताखालचा, आणि ही त्याची वकिली मला ऐकवणार! पण तिला तरी काय बोलू, मीच शिकवलंय — जड माणूस नि दुखरा माणूस डोंगरावर नको, एक अडला की चौघं अडतात, आणि धुकं कुणासाठी थांबत नाही. तिच्या सख्ख्या काकाला मी फाटकातून परत पाठवला होता, सगळ्यांदेखत, गुडघ्यापायी. वर्षभर बोलला नाही माझ्याशी, गेला उडत. तर ही अशी माझ्या वरताण पोरगी, आणि फेऱ्यांचे आकडे ऐकून ऐकून विरघळली. काल रात्री स्वारांच्या बैठकीत उभी राहून म्हणाली, बाबा येतायत, त्यांची जबाबदारी माझी. परवा पहाटे निघायचं. पाच दिवस. खोगिराला तेल लावून ठेवलंय तिने.

तुम्ही व्हा पुढे. मी बसतो अजून. अहो, निघा ना, बोटांना सुरकुत्या पडल्यात तुमच्या... चिवट आहात. बरं, ऐकायचंय तर ऐका. तुम्ही डोळे मिटून बसला होतात तेव्हा तीनदा उठून बघितलं मी. चार पायऱ्या आहेत या कुंडाला, दुसरीवर कंबर धरते आणि पाय ऐकत नाही. कालही तेच झालं. सगळे जाईपर्यंत थांबलो, मग कठडा धरून रांगत निघालो, त्रेसष्ट वर्षांचा बाप्या, आणि तसाच बाहेर जाऊन तिला सांगितलं, चाळीस.

हात मागे घ्या. हात मागितला का मी? इथे तुम्ही द्याल, उपकार झाले, पण वर डोंगरावर कोण देणार? तीच देणार. खाली धुकं उतरत असलं तरी उतरेल घोड्यावरून आणि येईल माझ्यासाठी, येईलच, माझीच आहे ती. त्या विचाराने रात्रभर डोळ्याला डोळा नाही माझ्या. भीती वाटते मला, झालं समाधान?

आता एक काम करा, एवढं तरी जमेल तुम्हाला. कपडे घालून बाहेर गेलात की पांढरी जीप दिसेल. तिला सांगा, थोरग्रीमूर म्हणतोय, मोसीवर खोगीर चढवू नकोस. का म्हणून विचारेल. विचारणारच ती, सोडणार नाही. सांगा, एकही फेरी झालेली नाही. आज नव्हे हो — जूनपासून, एकही. असंच सांगा, गोड करून सांगू नका. आणि तिला म्हणावं आत येऊ नकोस, मी येतो.

जा आता. तिकडे तोंड करून चाला. मला वर चढायला वेळ लागतो.